आधी निर्णय, मग फासा

मोक्षपटाचा पट समोर उघडला की त्याची शिकवण चटकन लक्षात येते. सद्गुणांच्या घरांवर शिड्यांचे पाय टेकलेले, दुर्गुणांच्या घरांवर सापांनी तोंडे उघडलेली आणि सगळ्यात वर मोक्ष. महाराष्ट्रातील परंपरा या खेळाचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्याला समकालीन आधार दाखवता येत नाही, पण हा खेळ भक्तिमार्गाच्या मुशीतून घडला आहे हे पटाकडे पाहूनच कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडमध्ये मुलांचा खेळ म्हणून छापला गेला आणि सापशिडी होऊन घरोघरी गेला. या पटात एक विचित्र गोष्ट आहे. खेळणारा लोभाच्या घरात जातो तो लोभ सुटला म्हणून नव्हे, कवड्या तशा पडल्या म्हणून. दानाची शिडी चढतो तेव्हा त्याने काही दिलेले नसते. सारी नीती पटावर रेखलेली आहे, पण खेळणाऱ्याला ठरवण्यासारखे काही उरलेले नाही. प्रारब्ध शिकवायचे असेल तर ही रचना अचूक आहे. माणूस काय निवडतो आणि त्या निवडीची किंमत कशी मोजतो, हे दाखवायचे असेल तर मात्र दुसराच खेळ लागतो.

असा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. दोघेही टेबलावर छोट्या शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या मंडळींतले. त्यांनी पलटणीऐवजी एकेका खेळाडूच्या हाती एकच माणूस दिला, आणि त्या माणसाला बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण अंकांत मोजून दिले. आज संगणकावर चालणारे ड्रॅगनांचे सगळे भूमिकाप्रधान खेळ, ज्यांना मुले नुसते ‘आरपीजी’ म्हणतात, याच खेळाच्या वंशातले. त्यांच्याविषयी बोलताना चर्चा चित्रांच्या झगमगाटावर किंवा मारामारीवर जाऊन थांबते. माझ्या मते त्यांचे खरे वैशिष्ट्य वेगळे आहे. मोक्षपटात फासा पडतो आणि पुढे काहीच ठरवायचे नसते. इथे आधी निर्णय घ्यावा लागतो, मग फासा पडतो आणि जे घडेल ते खेळातले जग लक्षात ठेवते. खेळाचे मोल याच क्रमात आहे. पुण्यात किंवा महाराष्ट्रात असे खेळ का घडले नाहीत, याचे उत्तरही ड्रॅगनच्या परकेपणात शोधण्यापेक्षा याच क्रमात शोधले पाहिजे.

हा क्रम कसा चालतो ते २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये पडद्यावरच दिसते. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओच्या या खेळात समजा वेशीवरच्या पहारेकऱ्याला समजावून आत शिरायचे आहे. काय बोलायचे याचे तीन-चार पर्याय समोर येतात. विनवणी करायची, थाप मारायची, की दम द्यायचा, हे खेळणारा ठरवतो. त्यानंतरच वीस बाजूंचा फासा गरगरतो. लक्ष्य १५ असेल आणि पात्राला बोलण्याच्या कौशल्याचे ५ गुण मिळत असतील, तर फाशावर १० किंवा जास्त पडायला हवे. वीसपैकी अकरा बाजू अनुकूल, म्हणजे ५५ टक्के शक्यता. हेच काम बोलण्यात कच्च्या, उणे १ गुणाच्या पात्राने अंगावर घेतले तर १६ पडायला हवे आणि शक्यता २५ टक्क्यांवर येते. परिस्थिती अनुकूल करून घेतली, तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची मुभा मिळते आणि पहिल्या पात्राची शक्यता ८० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे नशीब आहेच, पण ते उघडे पडलेले, मोजता येणारे नशीब आहे. आधी कोणता गुण वाढवला, सोबत कोणाला घेतले, आत्ता कोणत्या सुरात बोललो, यांवर ते हलते. अपयश आले तर दोष कवड्यांना देऊन मोकळे होता येत नाही, आणि यश आले तरी सगळे श्रेय स्वतःकडे घेता येत नाही. आयुष्यातल्या बहुतेक निर्णयांची जात हीच असते.

यात ड्रॅगनचे काम काय? पराक्रमच दाखवायचा तर वाघ-सिंह चालले असते. पण १९७४ च्या मूळ नियमांतच ड्रॅगनला वेगळी वागणूक होती. पांढरा, काळा, हिरवा, निळा, तांबडा आणि सोनेरी अशा सहा जाती. प्रत्येक जातीचा ड्रॅगन बोलू शकण्याची शक्यता किती, गाठाल तेव्हा तो झोपेत असण्याची शक्यता किती, याचे आकडे दिलेले. शिवाय त्याला ठार न मारता नमवण्याचीही सोय. म्हणजे ड्रॅगन समोर आला की निदान तीन प्रश्न उभे राहतात: हल्ला करायचा, दबकत निघून जायचे, की बोलून पाहायचे? वाघाशी बोलणे होत नाही. जो शत्रू बलाढ्य आहे, म्हातारा आहे, बोलतो, विचार करतो आणि खजिन्यावर बसला आहे, त्याच्यासमोरच निर्णयाला वजन येते. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत प्लेटो नावाच्या शैक्षणिक संगणक जाळ्यावर विद्यार्थ्यांनी याच कल्पनेवरून ‘डीएनडी’ हा खेळ लिहिला. त्यातही शेवटच्या मौल्यवान गोलकाची राखण सोनेरी ड्रॅगन करत होता. संगणकीय खेळांतला ‘बॉस’ म्हणून ओळखला जाणारा शेवटचा बलाढ्य शत्रू इथूनच सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानतात.

खजिन्यावर बसलेला सर्प मराठी वाचकाला परका नाही. पुरलेल्या धनाची राखण नाग करतो ही समजूत गावोगाव आहे, आणि पाणी अडवून बसलेल्या वृत्राला इंद्राने मारल्याची कथा ऋग्वेदाइतकी जुनी आहे. अद्भुत कथेची आवडही पुण्याला नवी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवादही पुण्याच्याच डायमंड पब्लिकेशन्सने काढला. तेव्हा आपल्या संस्कृतीत ड्रॅगन नाही म्हणून असे खेळ आपले नाहीत, हा आक्षेप फार वेळ टिकत नाही. पंख आणि अग्नी तिकडचे असतील, पण राखणदार सर्प इथलाच आहे.

निर्णयाचे हे वजन खेळ कसे वापरतात याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९८६ मध्ये जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. त्यात सारा खेळ खेळून शेवटच्या ड्रॅगनराजासमोर पोचल्यावर तो लढायच्या आधी सौदा मांडतो: माझ्या बाजूला ये, अर्धे जग तुझे. पडद्यावर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’. ‘हो’ म्हटले की नायकाचा प्रवास तिथेच संपतो. एवढ्याशा जागेत एक नैतिक प्रश्न मावला, कारण तो मोह खेळणाऱ्याने स्वतःच्या बोटाने नाकारायचा होता. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये हाच प्रश्न कितीतरी अवघड झाला. तिथल्या सर्वांत उंच शिखरावर पार्थुर्नाक्स नावाचा वृद्ध ड्रॅगन ध्यान करत बसलेला असतो. कधीकाळी तो जगाचा काळ ठरलेल्या ड्रॅगनचा उजवा हात होता आणि त्याने माणसांवर अनन्वित अत्याचार केले होते. पुढे तो उलटला, माणसांना विद्या शिकवू लागला आणि आपल्या हिंस्र स्वभावाला आवर घालत शिखरावर राहिला. खेळणाऱ्याला तो मदत करतो, शिकवतो. मग ड्रॅगनांशी लढण्याचे व्रत घेतलेला एक गट खेळणाऱ्याला सांगतो की जुन्या पापांबद्दल याला मारल्याशिवाय आमची साथ मिळणार नाही. मारले तर त्याला गुरू मानणारे वृद्ध तपस्वी दुरावतात, आणि न मारताही खेळाची मुख्य कथा पूर्ण होते. बरोबर उत्तर कोणते, हे खेळ सांगत नाही.

वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकणाऱ्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. नवे आहे ते त्याचे उत्तर ऐकणाऱ्याच्या हाती देणे. पुणे जिल्ह्यातच जेजुरीला याचे आणखी जवळचे उदाहरण आहे. खंडोबाने मणी आणि मल्ल या दैत्यांशी युद्ध केले. पण मणी मरताना शरण आला, त्याने आपला घोडा देवाला दिला आणि देवाच्या सान्निध्यात राहण्याचा वर मागून घेतला, असे परंपरा सांगते. म्हणूनच हरलेल्या दैत्यालाही खंडोबाच्या स्थानी जागा मिळाली. कथेत हा निर्णय देवाने घेतला आणि भक्ताने तो स्वीकारला. खेळात तोच निर्णय खेळणाऱ्याला घ्यावा लागतो, आणि शरण आलेल्याला क्षमा करणे किती महाग पडते हे त्याला पुढे भोगावे लागते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो: हे स्वातंत्र्य खोटे आहे. पहारेकऱ्यासमोरचे चार पर्याय कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहेत, पाचवा सुचला तरी तो देता येत नाही. आक्षेप खरा आहे आणि त्यामागचे गणित निष्ठुर आहे. कथेत दोन-दोन पर्यायांचे फक्त दहा निर्णय ठेवले आणि एकही फाटा परत जुळवला नाही, तर १,०२४ वेगवेगळ्या कथा लिहाव्या लागतील. म्हणून खेळकर्ते वाटा फोडतात आणि पुढे पुन्हा एकत्र आणतात. बऱ्याच निर्णयांतून शेवटी एखाददुसरे वाक्यच बदलते. तरीही मर्यादित पर्याय म्हणजे खोटी निवड असे म्हणता येत नाही. बुद्धिबळाच्या पहिल्या चालीला पांढऱ्याकडे फक्त वीस पर्याय असतात, म्हणून कोणी बुद्धिबळ खोटे म्हणत नाही. निवड खरी की खोटी हे पर्यायांच्या संख्येवर नव्हे, परिणामांवर ठरते. काहीही निवडले तरी पुढे तेच होत असेल तर तो देखावा. गावकरी पाठ फिरवतो, सोबती साथ सोडतो, बंद झालेला दरवाजा पुन्हा उघडत नाही, असे घडत असेल तर ती निवड. या कसोटीवर अनेक खेळ नापास होतील. तेव्हा आक्षेप खेळप्रकारावर नको, त्या त्या खेळावर घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. संगणकावर खेळ हवा तेव्हा ‘सेव्ह’ करता येतो. फासा वाईट पडला की मागचा सेव्ह उघडायचा आणि मनासारखे होईपर्यंत टाकत राहायचे. मग परिणाम कुठे उरला? ही या प्रकाराची खरी दुखरी जागा आहे, आणि ती खेळकर्त्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच २०२३ च्या अखेरीस ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये एकाच सेव्हवर चालणारा ‘ऑनर मोड’ जोडण्यात आला. त्यात घडले ते घडले, मागे जाता येत नाही. हा प्रकार अवघड आहे आणि सगळ्यांसाठी नाही. पण जे तो निवडतात ते सोय सोडून परिणाम मागतात, यावरून या खेळांतली खरी गोडी कशात आहे ते कळते.

आता पुण्याकडे येऊ. शहराला या उद्योगाची ओळख नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्टचा पुणे स्टुडिओ २००८ पासून आहे. त्याच सुमारास डीएसके सुपइन्फोकॉमने फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने पुण्यात ॲनिमेशन आणि व्हिडिओ गेमचे शिक्षण सुरू केले. आणि २०२० मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आला. आधी ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर, मग ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी गोळा करण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता, तरी खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते, एवढीच त्याची गोष्ट. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. पूर्वकथा छायाबाहुल्यांतून उलगडते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्यांची ही कला पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. दृश्यसौंदर्य आणि कारागिरी यांत हा खेळ कुठेही कमी नाही. पण तो आरपीजी नाही. राजी उड्या मारते, त्रिशूळ चालवते, कोडी सोडवते. असुराशी बोलायचे की लढायचे, हे ठरवण्याची वेळ तिच्यावर येत नाही. हा दोष नव्हे, वेगळा खेळप्रकार आहे, आणि छोट्या चमूने तो निवडला यात शहाणपण होते. वर मांडलेले फाट्यांचे गणित पाहिले की प्रत्येक परिणाम लिहिणे, चितारणे आणि तपासणे किती खर्चाचे असते ते कळते.

पण पैसा हे एकच कारण असते तर साध्या चित्रांचे, संवादप्रधान छोटे खेळ तरी इथे ढिगाने झाले असते. त्यांना खर्च कमी लागतो. ते शक्य आहे हे भारतातल्याच पायरोडॅक्टिल स्टुडिओने २०१४ मध्ये ‘अनरेस्ट’मधून दाखवले. प्राचीन भारतासारख्या एका कल्पित राज्यातली, दुष्काळाने पिचलेली भीम्रा नगरी. शेजारी नागांचे राज्य. खेळणारा कधी लग्न लादले जात असलेली शेतकरी मुलगी होतो, तर कधी नागांच्या बाजूचा दूत. तलवार क्वचितच निघते, बहुतेक सगळे बोलण्यातून घडते. मला वाटते मोठा अडसर वेगळा आहे. आपल्याकडे अद्भुत म्हटले की हात पुराणांकडे जातो, आणि पुराणकथेचा शेवट ठरलेला असतो. रामाने वनवासाला नकार दिला तर काय होईल, असा पर्याय खेळात ठेवायला कोण धजेल? श्रद्धेचा विषय खेळण्यावारी नेऊ नये, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्या कथेशी लोकांचे नित्याचे आचरण जोडलेले आहे तिचा शेवट गंमत म्हणून बदलणे हा उद्धटपणा ठरू शकतो.

मात्र या आक्षेपाने पुराणांचा मुख्य रस्ता बंद होतो, अद्भुताचे सगळे रान बंद होत नाही. नॉडिंग हेड्सने देव निवेदनात ठेवले आणि खेळायला एक साधी कल्पित मुलगी दिली, ही वाट योग्यच होती. त्या वाटेवर पुढे लोककथा आहे, आणि लोककथेत फाटे मुळातच असतात. वेताळ प्रत्येक गोष्ट प्रश्नावर आणून सोडतो आणि राजाला निवाडा करायला लावतो. ही रचना जवळजवळ तयार आरपीजी आहे, फक्त उत्तर राजाऐवजी खेळणाऱ्याने द्यायचे. त्याने चुकीचा निवाडा दिला तर पुढे काय, हे लिहायला कोणत्याही श्रद्धेला धक्का लावावा लागत नाही. पुरलेल्या धनावरच्या नागाशी करार करावा की तो मोडावा, गावाला दिलेल्या शब्दाची किंमत धनापुढे किती, असे प्रश्न विचारणारी कथा मावळातल्या एखाद्या खेड्यात घडवता येईल. तिला पंखवाला ड्रॅगन लागणार नाही, पण ड्रॅगनचे सारे काम तो नाग करेल.

घराघरातला आक्षेप अजून राहिला: मुले तासन्‌तास यात अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद केली आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तेव्हा ही चिंता पोकळ नाही. शंभर-शंभर तास चालणारे खेळ हा धोका वाढवतात हेही मान्य करावे लागेल. पण त्या नोंदीचे निकष तास मोजत नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याआधी खेळ येणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी ती कसोटी आहे. याहून महत्त्वाचा फरक कायद्याने केला आहे. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व पैशांविना खेळायच्या खेळांना वेगळे ठेवले. पैशाच्या, नुसत्या नशिबावर चालणाऱ्या खेळातही फासाच असतो, पण तिथे ठरवण्याजोगे एकच असते, किती लावायचे. बाकी सगळे फाशावर सोडलेले असते. मोक्षपटाने नीतीसाठी वापरलेली रचना तिथे खिसा रिकामा करायला वापरली जाते. आपल्या मुलाच्या हातातल्या खेळात फासा आधी पडतो की निर्णय, हे पालकाने पाहिले तर तासांच्या हिशेबापेक्षा अधिक उपयोगी माहिती मिळेल.

असा खेळ पुण्यात घडायचा असेल तर काय लागेल? चित्रकार आणि प्रोग्रॅमर शहरात आहेत. कमतरता आहे ती एकाच प्रसंगाचे चार वेगळे संवाद लिहिणाऱ्यांची, चौघांनाही स्वतःचे खरे वाटेल असे बोलायला लावणाऱ्यांची. ही कमतरता खरे तर या शहरात असायला नको. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांकडून एकांकिका करवून घेते आहे. बंद खोलीत चार माणसे, एक पेच आणि कोणाचीच बाजू पूर्ण खोटी नाही, हे लिहिण्याची तालीम इथे साठ वर्षे चालू आहे. आरपीजीच्या लेखकाला नेमके हेच कसब लागते, फक्त शेवट एकाऐवजी चार लिहावे लागतात आणि चारही तितक्याच प्रामाणिकपणे. नाटकवाले आणि गेमवाले एकमेकांच्या तालमीत बसू लागले, तर पहारेकऱ्याशी, नागाशी किंवा शरण आलेल्या दैत्याशी मराठीत घासाघीस करण्याची सोय होईल. आणि बोलणी फिसकटली तर त्याचे खापर कवड्यांवर फोडता येणार नाही.